पासिंग

मुलगा पास होतो, गाडीचं मात्र 'पासिंग' होतं. कोल्हापुरात हा शब्द शाळेपेक्षा गॅरेजात जास्त ऐकू येतो. शोरूममधून नवी मोटार घेणाऱ्याला त्याची धग आता लागत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तिनं डीलरनं विकलेली नवी गाडी नोंदणीसाठी आरटीओसमोर हजर करण्याची अटही काढून टाकली. डीलरकडचा पोरगा संगणकावर कागद भरतो आणि काही दिवसांनी एमएच-०९ ची नंबर प्लेट गाडीला लागते.

पासिंग म्हणजे काय हे विचारायचं तर ट्रकवाल्याला, टेम्पोवाल्याला, शाळेच्या बसवाल्याला विचारावं. आदल्या रात्री गॅरेजातले दिवे उशिरापर्यंत जळतात. मागच्या फाळक्यावर लाल आणि बाजूंना पिवळी चकाकणारी पट्टी चिकटते. वर्षभर मुका असलेला हॉर्न बोलायला लागतो. पाऊस नसताना वायपर फिरवून बघतात. आणि शेजारच्या गाडीची बरी स्टेपनी एका दिवसापुरती पाहुणी म्हणून येते. दुसऱ्या दिवशी साहेब गाडीभोवती फेरी मारतात, ब्रेक दाबायला लावतात, दिवे बघतात. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, तो कागद फायलीला लागतो. झालं पासिंग.

या सगळ्यात एक गोष्ट धरून चाललेली असते. गाडी कुठल्या तरी कंपनीनं बनवलेली आहे. पण ती तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच हातानं बनली असेल तर?

डिसेंबर २०२१ मध्ये हा प्रश्न आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातून देशभर गेला. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातले भाग जमवून एक छोटी जीप उभी केली. खर्च साधारण ६० हजार रुपये. मोटारसायकलला मारतात तशी किक मारली की ती सुरू व्हायची. तिचा व्हिडिओ फिरत फिरत आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. त्यांनी कौतुक केलं आणि सोबत हेही लिहिलं, की गाडी नियमांत बसत नाही, स्थानिक अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, तेव्हा तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांच्या घरी बोलेरो आली आणि त्यांची जीप महिंद्रांकडे गेली.

त्या वेळी आमच्या मोहल्ल्यातल्या चहाच्या गाड्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. बहुतेकांना बोलेरो मिळाल्याचा आनंद. मला मात्र महिंद्रांच्या त्या मधल्या वाक्यानं धरून ठेवलं. माणूस मोठा उद्योगपती, गाड्या बनवण्याचाच त्यांचा धंदा, त्यामुळे कायदा काय म्हणतो हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. लोहारांची जीप पास होणार नव्हती. तिला अमुक ब्रेक लावा, तमुक दिवा बसवा, मग चालेल, असं सांगणारंही कुणी नव्हतं. बोलेरो ही चांगलीच भेट झाली. पण जी गाडी त्या माणसानं बनवली, तिला रस्त्याचा मार्ग नव्हता तो नव्हताच.

कायदा थोडक्यात असा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. आणली तर कलम १९२ खाली पहिल्यांदा दोन ते पाच हजारांपर्यंत दंड. नोंदणीसाठी फॉर्म २० मध्ये अर्ज करायचा, सोबत विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ आणि गाडी रस्त्याला लायक असल्याचा फॉर्म २२ जोडायचा. हा फॉर्म २२ देणार कोण? बनवणारी कंपनी. आणि कंपनीनं तो द्यायचा तर १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे त्या मॉडेलचा पहिला नमुना सरकारनं ठरवलेल्या चाचणी संस्थेकडून पास झालेला हवा. गंमत म्हणजे या यादीतल्या तीन संस्था महाराष्ट्रातच आहेत. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, नगरजवळ व्हीआरडीई. कोल्हापूरहून सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला पुण्यात पोचतो. पण त्या दारातून आत जातात त्या हजारोंनी गाड्या विकणाऱ्या कंपन्या. एकच गाडी बनवलेल्या माणसासाठी तिथं वेगळी खिडकी नाही.

पूर्वी असं नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४० च्या दशकात छोट्या मोटारीचं वेड घेतलं आणि पुढची तीसेक वर्षं एकामागून एक नमुने बनवले. गाडीचं नाव 'मीरा'. इंजिन मागं, अंग छोटं, किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायचा बेत. १९७५ साली ती मुंबईत लोकांसमोर मांडलीही गेली. मीराचे जुने फोटो पाहिले तर तिला चक्क नंबर प्लेट दिसते. त्या काळी १९३९ चा मोटार कायदा होता, नियम १२६ यायचा होता. घरात बनवलेली गाडी असली तरी तिला रस्त्यावर येता येत होतं. शंकररावांची गाडी अडली ती पुढच्या पायरीवर. कारखाना काढून गाड्या विकायच्या तर केंद्राचा औद्योगिक परवाना हवा, आणि तो काळ परवान्यांचा होता. संजय गांधींच्या मारुतीला १९७० साली छोट्या गाडीसाठी इरादापत्र मिळालं. इचलकरंजीची मीरा फोटोत राहिली.

म्हणजे पूर्वी एक गाडी चालवता यायची, शंभर बनवता यायच्या नाहीत. आता उलटं आहे. लाखभर बनवणाऱ्याला रस्ता आहे, एकट्यादुकट्याला नाही.

हे सगळं मी लांबून सांगत नाही. आमच्या अब्बांनी चाळीस वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधल्या. आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा कंपनीतून नुसती चेसिस यायची. म्हणजे सांगाडा, चाकं, इंजिन आणि स्टिअरिंग. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोळ्याला गॉगल आणि तोंडाला टॉवेल गुंडाळून ती पुण्याहून हायवेनं घेऊन यायचा. केबिनपासून फाळक्यापर्यंत बाकीचं सगळं शेडमध्ये व्हायचं. दसऱ्याला न्यू पॅलेसवरून दसरा चौकात जी मेबॅक येते, जिला बघायला अख्खं कोल्हापूर लोटतं, तिच्या कंपनीचाही रिवाज तोच होता. चेसिस आणि इंजिन मेबॅकचं, बॉडी चढवणारे कारागीर वेगळे. अब्बा दसऱ्याला ती गाडी बघताना इंजिनाकडे कधीच बघायचे नाहीत. दरवाजा आणि खांब यांच्यातली फट बघायचे.

तर बॉडी बांधणाऱ्याला कायदा ओळखतो. त्याच्यासाठी फॉर्म २२-अ आहे. चेसिसची जबाबदारी कंपनीची, बॉडीची बांधणाऱ्याची, दोघांच्या सह्या. पुढं बस बॉडीचा कोड आला, ट्रकच्या बॉडीलाही मापं आणि मान्यता आल्या. छोट्या शेडवाल्यांना ते झेपलं नाही, आमचंही शेड हळूहळू गेट, ग्रिल आणि ऊसाच्या ट्रॉल्यांकडे वळलं. भाईजान आज तेच करतात. यावर अब्बा चिडत नाहीत, हे मला नेहमी आश्चर्याचं वाटतं. ते म्हणतात, "चांगलं झालं. बस उलटल्यावर छप्पर कसं बसतं ते मी बघितलंय."

त्याच शेडमध्ये माझ्या भाच्यानं गाडी बनवली. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला पोरगा, दिवसा एका कारखान्यात सीएनसीवर उभा राहायचा आणि रात्री शेडमध्ये. दोन वर्षं लागली. इंजिन भंगारात निघालेल्या रिक्षाचं, कारण त्यात रिव्हर्स गिअर आणि डिफरन्शियल आयतं मिळतं. मोटारसायकलचं इंजिन घेणाऱ्यांची गाडी मागं घेताना उतरून ढकलावी लागते. स्टिअरिंग रॅक, पुढची चाकं आणि ब्रेक जुन्या मारुती ८०० चे. फ्रेम स्वतः वेल्डिंग केलेली. वजन चारशे किलोच्या आत, दोन माणसं बसायची सोय. शिवाजी उद्यमनगरात हे काही नवल नाही. या गावात म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदरानं घेतात, आणि लेथवरचा साधा कारागीरसुद्धा इंजिनाचा आवाज ऐकून कुठला बेअरिंग गेलाय ते सांगतो. ओतकाम, मशिनिंग, पेंटिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. नसतो तो फक्त कागद.

गाडी उभी राहिल्यावर तिचं पहिलं पासिंग अब्बांनी केलं. वय झालंय, गुडघे वाकत नाहीत, तरी गोणपाट टाकून गाडीखाली गेले. हातात छोटी हातोडी. प्रत्येक जोडावर टक् टक् मारून आवाज ऐकायचे. भरीव वेल्डिंगचा आवाज खणखणीत येतो, पोकळ असेल तर बद्द. तासाभरानं बाहेर आले आणि भाच्याला म्हणाले, "स्टिअरिंगच्या रॉडला जोड कुणी मारला?"

"मीच, नाना. लांबी कमी पडत होती."

"स्टिअरिंगला वेल्डिंग करायचं नसतं बाळा. बाकी कुठलंही तुटलं तर गाडी थांबते. हे तुटलं तर गाडी थांबत नाही."

भाच्यानं तो रॉड काढला, पुढं-मागं युनिव्हर्सल जॉइंट घालून अखंड शाफ्ट बसवला. महिना गेला त्यात. शिवाय अब्बांनी मागच्या ब्रेकची पाइप सायलेन्सरपासून लांब घ्यायला लावली आणि सीटचे बोल्ट पत्र्याऐवजी फ्रेमला मारायला सांगितले. दोन्ही गोष्टी डिप्लोमाच्या पुस्तकात असतीलही, पण गाडीखाली आडवं झाल्याशिवाय दिसत नाहीत.

मग आम्ही एका नोंदणी कार्यालयात गेलो. कुठल्या, ते सांगण्यात अर्थ नाही. तिथले साहेब सभ्य होते आणि कुठंही गेलो असतो तरी हेच झालं असतं. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही म्हणून ती टेम्पोत चढवून नेली होती. टेम्पो फाटकाबाहेर. भाच्याच्या हातात फाइल. त्यात भंगारवाल्याच्या पावत्या, वेल्डिंग चालू असतानाचे फोटो, त्यानं स्वतः काढलेली ड्रॉइंग.

साहेबांनी फाइल चाळली. कौतुकानंच चाळली. मग विचारलं, "मेकर कोण?"

"मी, सर."

"तसं नव्हे. मेकर. कंपनीचं नाव."

"कंपनी नाही सर. मी आणि मामूंचं शेड."

त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. 'वाहन' या प्रणालीत मेकरचं नाव टाइप करायचं नसतं, यादीतून निवडायचं असतं. मेकर निवडला की मॉडेलची यादी उघडते. वजन, इंजिन, सीट, सगळं कंपनीनं आधीच भरलेलं. म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात आलं तरी त्याच्या हातात काही नाही. भाचा म्हणाला, "सर, गाडी बाहेर आहे. एकदा नुसती बघता का?"

साहेब थोडं थांबले. म्हणाले, "बघून काय करू? बघितली तरी लिहायला जागा नाही."

येताना तो टेम्पोत पुढं बसला नाही, मागं गाडीजवळ उभा राहिला. शेडवर आल्यावर दोर सोडताना म्हणाला, "मामू, नापास केलं असतं तरी चाललं असतं. बघितलीच नाही."

त्यानंतर सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. सर्वांत लोकप्रिय सल्ला, एखाद्या जुन्या ८०० चं आरसी बुक घे, तिचा चेसिस नंबराचा तुकडा कापून हिच्या फ्रेमला चिकटव. हा सल्ला देणारी माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त पुढचं दिसत नाही. कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात तेच पक्कं केलं. इथं तर बदल नाही, अख्खी गाडीच दुसरी. आणि समजा कागद जमलेही, उद्या एखाद्या शाळेच्या पोराला धक्का लागला तर विमा कंपनी चेसिस नंबर बघणार आणि हात वर करणार. त्या पोराच्या आईबापाला भरपाई मिळणार कुठून? नोंदणीमागचा माझ्या मते सर्वांत मोठा अर्थ हाच आहे. नंबर प्लेट मालकासाठी नसते, समोरून येणाऱ्यासाठी असते.

दुसरा सल्ला, रीतसर पुण्याला जा आणि मान्यता घे. हा ऐकायला बरा वाटतो. पण आजच्या नियमांत नव्या मॉडेलला समोरून आणि बाजूनं आपटून बघतात. समोरची चाचणी ताशी ५६ किलोमीटरच्या वेगानं, गाडीचा अर्ध्यापेक्षा कमी भाग अडथळ्यावर आदळेल अशी. कंपनी त्यासाठी गाड्या फोडते आणि मग तशाच हजारो विकते. भाच्याकडे एकच गाडी. ती पास करून घ्यायची तर आधी तिचा चुराडा करायचा. त्यावर बीएस-६ चं प्रदूषण प्रमाणपत्र, एअरबॅग आणि एबीएस. कंपन्यांनासुद्धा हे सोपं जात नाही. बजाजनं आरई-६० ही चिमुकली चारचाकी २०१२ साली दाखवली. तिच्यासाठी 'क्वाड्रिसायकल' हा नवा वर्गच कायद्यात घालावा लागला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि 'क्यूट' या नावानं ती महाराष्ट्रात विक्रीला आली २०१९ मध्ये. बजाजला सात वर्षं.

मग हा प्रश्न दुसरीकडे कसा सोडवतात? ब्रिटनमध्ये घरी गाडी बनवण्याचा छंद जुना आहे आणि तिथल्या सरकारनं तो मान्य केलेला आहे. २००९ पासून तिथं आयव्हीए नावाची तपासणी आहे, म्हणजे एकेका गाडीची स्वतंत्र मान्यता. धंदा म्हणून नव्हे तर स्वतःच्या वापरासाठी गाडी बनवलेला माणूस अर्ज करतो, बनवतानाचे फोटो आणि पावत्या जोडतो, आणि सरकारी तपासनीस ती एकच गाडी तासन् तास तपासतो. आपटत नाही. ब्रेक रोलरवर, पट्ट्याचे बोल्ट कुठं आणि कशाला मारलेत, आरशात किती दिसतं, दिवे जमिनीपासून किती उंच, धूर, आवाज, स्पीडोमीटर खरं बोलतो का. सर्वांत जास्त लोक ज्यात अडकतात ते म्हणजे टोकदार कडा. माणसाचं अंग लागू शकेल अशा बाहेरच्या प्रत्येक कडेला किमान अडीच मिलिमीटरची गोलाई हवी. कुठली कड अंगाला लागू शकते हे ठरवायला ते शंभर मिलिमीटर व्यासाचा गोळा गाडीवर फिरवतात. गोळा टेकला तिथं कड गोल हवी. नापास झालात तर यादी हातात मिळते, दुरुस्त करून परत या. आणि पास झालेल्या गाडीचं वय किंवा मूळ नीट ठरत नसेल तर तिला 'क्यू' अक्षराचा नंबर देतात, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की ही नेहमीची गाडी नव्हे.

मला यात सर्वांत आवडते ती ती यादी. आपल्याकडे या विषयावर बोलणारे दोन गट आहेत. एकाला वाटतं की गावाकडच्या कल्पक पोरांना सरकार छळतं, सगळे नियम काढून टाका. दुसऱ्याला वाटतं की हा सगळा जुगाड आहे, जप्त करून भंगारात घाला. जुगाडबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगून टाकलंय की तेही मोटार वाहनच आहे, त्याला नोंदणीचे सगळे नियम लागू. मला ते पटतं. पण अब्बांनी स्टिअरिंगचा जोड पकडला नसता तर ती गाडी आजही तशीच असती, आणि बनवणाऱ्याला ती उत्तमच वाटत राहिली असती. घरी बनवलेल्या गाडीला कंपनीच्या गाडीपेक्षा तपासणीची गरज जास्त असते. आणि नेमक्या तिच्यासाठीच आपल्याकडे तपासणी नाही, फक्त मनाई आहे. मनाई केल्यानं पोरं गाड्या बनवायची थांबत नाहीत. ती बनवतात, रात्री गावच्या रस्त्यावर चालवून बघतात, व्हिडिओ टाकतात. हंगामात आमच्या रस्त्यांवर ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय धावतात, हे बघत वाढलेल्या पोराला नियमाचा धाक तरी किती असणार?

एकट्या गाडीची तपासणी आपल्याला जमत नाही असंही नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून 'बाहा' ही स्पर्धा होते. पोरं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एकसीटी खडबडीत गाडी बनवतात. शर्यतीआधी तिची तपासणी इतकी कडक असते की कित्येक संघ तिथंच दिवस घालवतात. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत, पट्टा बांधलेला ड्रायव्हर पाच सेकंदांत बाहेर पडला पाहिजे, इंजिन बंद करायचं बटण हाताशी पाहिजे. तपासणारे वाहन उद्योगातलेच अभियंते. म्हणजे डोळे आहेत, मापं आहेत, पुण्यात यंत्रंही आहेत. वर्षातून चार दिवस एआरएआयच्या किंवा एखाद्या तंत्रनिकेतनाच्या आवारात अशा गाड्यांसाठी ठेवले, फी घेतली, वेगाची मर्यादा घातली, हायवेला बंदी केली, तरी पुष्कळ होईल. २०१९ च्या दुरुस्तीनं अपंगांसाठी गाडीत बदल करून घ्यायची वाट कायद्यात ठेवलीच आहे. एका माणसाच्या एका गाडीचा विचार कायद्याला करता येतो, तो असा.

तोवर भाच्यानं स्वतःच एक वाट काढली. कायद्यातली 'मोटार वाहन' या शब्दाची व्याख्या त्यानं माझ्यापेक्षा बारकाईनं वाचली. रुळावर चालणारं वाहन तिच्यात येत नाही. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलंही येत नाही. आणि फक्त कारखान्याच्या किंवा तशाच बंदिस्त आवारात वापरायचं खास वाहनही येत नाही. भाईजानच्या ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यांचं आवार मोठं आहे, मोल्डिंगच्या शेडपासून मशीन शॉपपर्यंत चांगला पल्ला. गाडी टेम्पोत घालून तिकडं गेली. शेजारच्या सीटच्या जागी आता ट्रे आहे, त्यातून लाकडी पॅटर्न आणि छोटी कास्टिंग इकडून तिकडं जातात. आतल्या आत ताशी पंधराच्या वर कुणी चालवायची नाही, असं भाच्यानं डॅशबोर्डवर रंगवून ठेवलंय.

रविवारी तो तिथं जातो. ब्रिटनच्या त्या तपासणीचं पुस्तक त्यानं मोबाइलवर उतरवून घेतलंय आणि पहिल्या पानापासून एकेक कलम आपल्या गाडीला लावत चाललाय. गेल्या खेपेला मी सोबत गेलो, तेव्हा उद्यमनगरातून आणलेलं रेडिअस गेज आणि कानस घेऊन बोनेटची कड घासत होता. ओतकामवाल्यांकडून त्यानं शंभर मिलिमीटरचा एक गोळाही करून घेतलाय. तो गाडीवर फिरवायचा, टेकला तिथं खडूनं खूण करायची, कानस मारायची, गेज लावायचं. अब्बा सावलीत खुर्ची टाकून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढं केला, तो गोळा मागून घेतला, आणि मागच्या दिव्याखालची एक कड दाखवली जी त्याच्या नजरेतून सुटली होती.